खांड म्हणजे साखर नव्हे

रोहा,
२५ सप्टेंबर १९९४

ती. धोंडुवन्सं यांना मालतीचा नमस्कार.

पत्रावर ह्यांच्याऐवजी माझं अक्षर बघून हौसा घाबरली असेल, म्हणून आधीच सांगते. तुमचा भाऊ आहे. जेवतो, झोपतो, भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जातो. आता हौसा, सासूबाईंना खाली बसव आणि पुढचं सावकाश वाच.

ऑगस्टमध्ये ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी शाळेत निघाले होते. चप्पल घालता घालता उजवा पाय ऐकेनासा झाला, मला हाक मारायला तोंड उघडलं आणि आतून शब्दच आला नाही. मुंबईला नेलं, डोक्याचा फोटो काढला. डावीकडची एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती. बोलण्याचा कारभार बहुतेकांचा डाव्या बाजूलाच असतो म्हणे, आणि उजव्या अंगाचाही तिथूनच चालतो, त्यामुळे एका दगडात दोन्ही गेले. मी वीस वर्षं सातवीला 'मेंदू' हा धडा शिकवला. तो अक्रोडासारखा दिसतो, एवढं सांगून पोरांना गप्प करायचे. आता घरात रोज तो अक्रोड घेऊन बसले आहे आणि मला काही म्हणता काही माहीत नव्हतं, हे कळतंय.

गमती तरी किती सांगू. एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणतात, पण आपल्याला मुलं किती, हे विचारलं की कपाळाला घाम येतो. होला आणि नाहीला दोन्हीला 'नाय' म्हणतात. "चहा घेणार?" "नाय," आणि डावा हात कपासाठी पुढे. माणसं भेटायला येतात, तर पाच मिनिटांत त्यांच्याकडे बघून "बाय, बाय" सुरू करतात. इंग्रजीतलं बाय हो. सर दमले, असं समजून लोक बिचारे उठतात. जन्मभर ज्यांनी मराठी शाळेत इंग्रजीला उंबऱ्यावर उभं केलं, त्यांना परत आलेला पहिला शब्द हा असावा, याचं मला आधी हसू यायचं. आता येत नाही, कारण बाकीचे शब्द येईनात.

तुम्हाला लिहायचं कारण असं. हे सारखं एक म्हणतात: "खांड गेली." मुंबईला शुद्धीवर आले तेव्हापासून. डोक्याला हात लावतात आणि म्हणतात, "खांड गेली." मी शब्दकोश काढला. खांड म्हणजे साखर. मला वाटलं, ह्यांना गोड हवंय. चहात साखर जास्त घातली, शिरा केला, शेवटी खडीसाखर हातावर ठेवली तर ती त्यांनी भिंतीवर मारली. ह्यांनी काही फेकलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. तो तुमच्याकडचा शब्द असेल असं मला त्या रात्री सुचलं, कारण अधूनमधून 'आयस' म्हणतात, आणि तो शब्द मी माझ्या सासूबाईंच्या तोंडून एकदोनदा ऐकला होता. खांड म्हणजे तुमच्याकडे काय?

डॉक्टर म्हणतात, जे परत यायचं त्यातलं पुष्कळसं पहिल्या काही महिन्यांत येतं. आणि हे तर दिवसेंदिवस कमी बोलतायत. म्हणून घाई करते. गणपती होऊन गेले, तुमच्या मुलांच्या मूर्तींच्या कारखान्यात आता जरा उसंत असेल. दोन ओळी टाका.

तुमची,
मालती


रोहा,
१६ ऑक्टोबर

ती. वन्सं यांना सा. न.

हौसाचं कार्ड मिळालं. एकच ओळ, पण ती मी दिवसभर वाचत होते. "खांड म्हणजे साखर नाही. उधाणाला बांध फुटतो आणि खारं पाणी शेतात घुसतं, त्याला खांड गेली म्हणतात."

ह्यांच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांना फोटो काढून जे दिसलं ते हे खाटेवरून स्वतः सांगत होते. आणि मी शास्त्राची बाई, त्यांना शिरा भरवत होते. मी जाऊन म्हटलं, "बांध फुटला ना? पाणी आत आलं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू अखेर वर्गातल्या शेवटच्या बाकाला कळलं एकदाचं. मग उशीत तोंड घालून रडले. मीही रडले. रडण्याला हल्ली आमच्याकडे काही वेळकाळ नाही.

आता दुसरं कोडं, आणि हे पहिल्यापेक्षा मोठं आहे.

दर शनिवारी मी ह्यांना पेणला नेते. तिथल्या एका दवाखान्यात लतिका म्हणून मुंबईची एक तरुण मुलगी येते. ती अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवते. कामाला चोख, मायाळू आहे. चित्र दाखवते, हे नाव सांगतात, चुकलं की ती सुधारून सांगते आणि पुन्हा म्हणवून घेते. गाडीला हे 'गारी' म्हणतात. घोड्याला 'घोरा'. डोळ्याला 'डोला', काळ्याला 'काला'. 'मला' म्हणायचं तिथे 'मना' म्हणतात. लतिका म्हणाली, मेंदूला इजा झाली की जिभेवर आवाज असे घसरतात. मीही घरी तेच करायचे. "गारी नाही, गाडी. म्हणा बरं, गाऽडी." हे दोनतीनदा म्हणून बघायचे आणि मग तोंड मिटायचे. गेल्या शनिवारी त्यांनी एकाही चित्राला नाव दिलं नाही. लतिका वाट बघून दमली. परतीच्या एसटीत नागोठण्यापर्यंत मी त्यांचा हात धरून बसले होते आणि माझं डोकं भलतीकडेच चाललं होतं.

तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. चुकीला नियम नसतो. पोर आज वेलांटी चुकतं, उद्या तीच बरोबर काढतं. ह्यांचं तसं नाही. 'डोला'तला पहिला ड आणि 'खांड'मधला अनुस्वारापुढचा ड तसाच, बाकी प्रत्येक ड चा र, प्रत्येक ळ चा ल, अगदी न चुकता. चुकांना नियम दिसला की आम्ही मास्तर लोक एकच ओळखतो, की पोराने कुणाचं तरी पाहून लिहिलंय. मग हे कुणाचं पाहून बोलतायत?

मला उत्तर येत असावं असं वाटतंय, पण तुमच्या तोंडून हवं आहे. तुमच्याकडे गाडीला काय म्हणतात? मी तुमच्याकडे मोजून दोनदा राहिले, आणि दोन्ही वेळा सगळे माझ्याशी जपून, पाहुणीशी बोलावं तसं बोलले. हे तर घरात कधी एक शब्द तसा बोलले नाहीत. आमच्या मुलांनी शेजारून 'नाय' उचलून आणलं तर जेवण थांबवून 'नाही' म्हणवून घ्यायचे.

आणि वन्सं, तुम्ही या. तुम्ही का येत नाही, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. ह्यांना विचारलं की म्हणायचे, "तिचा संसार मोठा आहे, तिला वेळ नसतो." जोह्याहून पेण, पेणहून रोहा, एवढाच तर रस्ता. ह्यांच्यासमोर बसा आणि काय वाटेल ते बोला. आमच्या बोलण्याला हे आता उत्तर देत नाहीत. मला भीती वाटते, हे असेच मिटून जातील.

हौसा, एक कर. सासूबाई सांगतील ते जसं बोलतील तसंच लिही. शुद्ध करू नकोस. मला ते तसंच बघायचं आहे.

तुमची,
मालती


जोहे,
४ नोव्हेंबर

मालती,

मी सांगतंय न् हौसा लिवते. तू बोललीस जसं बोलतान तसं लिव, मंग तसंच लिवलंय. हसू नको.

तुजी दोनी पत्रां मिलाली. माज्या भावाचं, कान्हूचं आयकून जेवान गेलं नाय. पन त्या मुंबैच्या पोरीला सांग, त्याच्या बोलन्यान काय चूक नाय. आमी सगली अशीच बोलतव. गारीला गारी नाय बोलाची त काय बोलाची? बापूस गारी बोलला, आयस गारी बोलली, न् त्यांना काय मेंदूचा रोग नवता. पोराला बोलाला येतंय न् तुमी त्याचं तोंड धरताव.

तू इचारतंस मी का येत नाय. मंजे त्यानी तुला सांगलं नाय. रोह्याला घर बांधलंव तवा मी वास्तूला आले. दारान पाय ठेवते नाय त कान्हू मना बाजूला घेऊन बोलला, बाय, शालेची मान्सां आलीत, तू जास्ती बोलू नको. बोलू नको बोलला, मंग नाय बोलले. जेवले, माजं ताट धुतलं, गारीन बसले. तवापासून नाय बोलले. भावाचं आयकाला नको?

आता तू बोलतंस ये न् बोल. त्यानी गप केली, त्यानीच बोलवाचं. तोंडानं एकदा बाय बोलून हाक मारूंदे. दुसरं काय नको मना. मंग हाय तशी गारी पकरीन.

धोंडुबाई

ता. क. मामी, बाय म्हणजे आमच्यात मोठी बहीण. सासूबाई हे सांगताना रडल्या. ते लिहू नको म्हणाल्या, पण तुम्ही शुद्ध करू नको म्हणालात म्हणून लिहिलं. - हौसा


रोहा,
८ नोव्हेंबर

वन्सं,

हौसा, हातातलं काम टाक आणि वाच.

त्यांनी हाक मारली आहे. मुंबईच्या खाटेवरून मारली, घरी आल्यावर मारली, येईल त्या माणसाच्या तोंडाकडे बघून मारली. कुणी दारात दिसलं की हे मान उचलून बघायचे, तुम्ही नाही हे दिसलं की "बाय, बाय" म्हणायचे. तुम्हाला बोलवा, एवढंच सांगत होते बिचारे. आणि आम्ही काय केलं? लोक उठून "बाय बाय सर" म्हणत चपला शोधायचे. मी तर त्यांचा डावा हात धरून हलवायचे, लहान बाळाचा हलवतात तसा. हे माझ्याकडे बघत राहायचे. ते बघणं मला आता झोपू देत नाही.

तुमची अट तुमचं पत्र येण्याआधीच पुरी झाली होती. ऐकणारे आम्ही होतो आणि आम्हाला येत असलेलं इंग्रजी आडवं आलं.

पण आता हे तो शब्दही म्हणत नाहीत, दिवाळीपासून सोडलाच. तुमचं पत्र वाचल्यावर मी त्यांच्यासमोर बसून स्वतः म्हटलं, "बाय." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी त्यांना निरोप देतेय असंच वाटलं असणार. माझ्या तोंडून तो शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मग तुमच्याकडून आता नवी हाक कशी आणू? झालेली हाक मोजा. तुम्ही तुमच्या जागी बरोबर आहात, मी तुम्हाला चूक म्हणणार नाही. मी तुमच्या जागी असते तर कदाचित पत्राला उत्तरही दिलं नसतं. पण वन्सं, या.

मालती


रोहा,
११ डिसेंबर

ती. वन्सं यांना सा. न.

सुखरूप पोचलात हे हौसाच्या पत्रातून कळलं. तुम्ही गेल्यापासून घर एकदम शांत वाटतं. त्या आठ दिवसांत भिंतींनाही दम लागला असेल.

तुम्ही ह्यांच्याकडे तोंड करून बसला होता, म्हणून तुम्हाला मी दिसले नसेन. मी स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होते. तुम्ही आलात, पिशवी खाली ठेवलीत, खुर्ची ओढून ह्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलात, आणि चकार शब्द नाही. हे बघतायत, तुम्ही बघताय. मला वाटलं, आता ही बाई अशीच उठून जाणार. पुढे होऊन काहीतरी बोलावं म्हणून मी पाऊल उचललं होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "बाय." तुम्ही तरीही गप्प. मला तुमचा असा राग आला! मग आले ते दोन शब्द. "बाय, बोल."

तेव्हा तुम्ही म्हणालात, "काय बोलू? तुज्या घरान बंदी हाय ना बोलाची?" आणि हे हसले. अर्ध्याच तोंडाने, पण आवाज काढून हसले. माझ्या हातातला कप कलंडला, त्याचा डाग अजून फरशीवर आहे.

त्यानंतरच्या आठ दिवसांत मी जे पाहिलं ते मला कुठल्या धड्यात सापडलं नसतं. हे अडले की मी लगेच शब्द पुरवायचे, लतिका पहिलं अक्षर सुचवायची. तुम्ही काहीच सुचवत नव्हता. "बोल मेल्या, मना काय घाई नाय," म्हणून सुपारी कातरत बसायचात. आणि शब्द यायचा. उशिरा यायचा, कधी भलताच यायचा. चमच्याला हे वल्हं म्हणाले तेव्हा तुम्ही विचारलंत, "मंग आमटीन होरी घालतंस काय?" ह्यांना होडी दिसली, वल्हं दिसलं, आणि मग त्याच्या आडून चमचा सापडला. मी खाटेच्या पलीकडे बसून दोघांकडे बघायचे. निम्मं कळायचं नाही.

काल पेणला लतिकाला सगळं सांगितलं. ती आधी गोरीमोरी झाली, मग म्हणाली, "काकू, म्हणजे मी त्यांना बरोबर उत्तरांना चूक म्हणत होते?" मी म्हटलं, "दोघी मिळून म्हणत होतो." तिने चित्रं पुन्हा पहिल्यापासून काढली. आता 'गारी' बरोबर आणि 'गाडी'ही बरोबर. मी डॉक्टरांनाही गाठलं. विचारलं, पहिली भाषा मेंदूत खोल असते का, म्हणून वाचते का? ते म्हणाले, असं छातीठोक सांगता येत नाही. कुणाची लहानपणची भाषा आधी परत येते, कुणाची रोजच्या वापरातली, कुणाच्या दोन्ही बरोबरीने येतात. असं का, हे अजून कुणाला पुरतं उमगलेलं नाही. मला हे उत्तर फार आवडलं. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनाही कळलेलं नाही, अशी एक गोष्ट आमच्या ओटीवर बसून आमटी भुरकते.

शाळेतली मराठीही हळूहळू येतेय. परवा पोस्टमनला "धन्यवाद" म्हणाले. तो बावरला.

आता एक सांगते, ते हौसाने वाचताना गाळू नये. तुम्ही दोघं बोलत होता तेव्हा एका दुपारी मला राग आला. साधासुधा नाही, चांगला रडू येईल असा. एकतीस वर्षं हा माणूस माझ्याशी शिकलेल्या भाषेत बोलला. लग्नाआधी लिहिलेल्या चिठ्ठ्या त्या भाषेत, मुलं झाली तेव्हाचं कौतुक त्या भाषेत, भांडणंसुद्धा त्याच भाषेत, शुद्धलेखनाच्या नियमांना धरून. तुमच्याशी बोलताना त्यांचा आवाजच वेगळा आहे. जाडा आहे, खोडकर आहे. हा आवाज असलेल्या माणसाला मी ओळखतच नव्हते, आणि तो इतकी वर्षं माझ्याच घरात राहत होता. तो माझ्यासाठी गप्प बसला, की शाळेसाठी, की आपल्या भीतीसाठी, हे मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "नाय." त्यांच्या 'नाय'चा अर्थ तुम्हाला माहीतच आहे.

तर मी ठरवलं, आपणच शिकावं. पन्नाशी उलटलेली विद्यार्थिनी, मास्तर अर्ध्या अंगाचा. काल संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "मना सांग, तुना काय पायजे?" घोकून गेले होते. हे आधी दचकले. मग इतके हसले की मला वाटलं, ह्यांना पुन्हा काही होतंय. डोळे पुसून म्हणाले, "मालते गो, तू नको बोलूस." पण डाव्या हाताने जवळ बसायची खूण केली, आणि ते 'गो' मी अजून कानात घेऊन फिरतेय.

आज हे पत्र लिहायला बसले तर हे शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "लिव." मग सांगू लागले. एका ओळीला अर्धा तास लागला. मी सुपारी कातरत नाही, म्हणून शेंगा सोलत बसले, पण शब्द पुरवला नाही. ते म्हणाले तसं मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, कागद ओढून घेतला आणि डाव्या हातात पेन धरून माझ्या ओळीतल्या 'बोलायला'मधला 'य' खोडला. नियमाप्रमाणे मी बरोबर होते. पण चूक माझीच. ते नियम शाळेचे होते, आणि बोलत होते हे.

त्यांनी तपासून दिलेली ओळ खाली आहे. खाडाखोड तशीच ठेवली आहे, हौसाने तुम्हाला दाखवावी.

"बाय, ये. मालतीला बोलाला शिकव."